टाकीकडे तोंड करून

फौजदार साळोख्यांनी खाकी पाकिटातून फोन काढला आणि माझ्या हातात दिला. पाकिटावर मयताचं नाव लिहिलं होतं: उज्ज्वला प्रशांत बंडगर, वय सव्वीस. फोनच्या काचेला एका कोपऱ्यात तडा गेला होता. बाकी तो धड होता.

"उघडा," ते म्हणाले. "आमच्या पोरांनी दोन दिवस डोकं फोडून घेतलं. अॅप तुमचंच आहे म्हणतात."

बोरजाईवाडीच्या दूध संकलन केंद्राच्या मागच्या अंगणात आम्ही उभे होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. केंद्राचा सचिव पंच म्हणून आला होता. एक हवालदार पायरीवर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत होता. माझ्या शेजारी कालिंदीताई भोरे होत्या, आणि जरा लांब, भिंतीला टेकून, पटका सोडून मांडीवर घेऊन उज्ज्वलाचे वडील तातोबा गडदे बसले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आपले आपण पाच मैल चालत आले होते.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि सांगलीतल्या एका लहानशा कंपनीत प्रोग्रॅम लिहीत होते. पाच माणसांची कंपनी. उज्ज्वलाच्या फोनमधलं ते अॅप मी एकटीनं लिहिलं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता.

त्याची सुरुवात कालिंदीताईंनी केली. घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी त्या काम करायच्या. बायकांना बाहेर काढायचं, आसरा द्यायचा, वकील गाठून द्यायचा. त्यांची अडचण सरळ होती. बाईशी बोलायचं कसं? जिला मदत हवी तिचा फोन नवरा तपासतो. उज्ज्वलाचं तर त्याहून अवघड होतं. तिच्या नवऱ्याचं, प्रशांतचं, तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. रोज संध्याकाळी जेवायला बसण्याआधी तो तिचा फोन मागून घ्यायचा. पुसून टाकलेले मेसेज परत आणणं हा त्याच्या डाव्या हातचा मळ. तिचं फोनवरचं बोलणं तो ऐकायचा, ती दिवसभर कुठे कुठे गेली तेही त्याला दुकानात बसून दिसायचं. पासवर्ड घालायची तर सोयच नव्हती. पासवर्ड कशाला, एवढ्यावरूनच तिला एकदा बेल्टनं मारलं होतं.

कालिंदीताईंनी हे सगळं मला सांगितलं, आणि दोन दिवसांनी मी त्यांना माझी कल्पना सांगितली. शब्दाचं कुलूप नको, जागेचं कुलूप घालू. मेसेज बाईच्या फोनवर येईल, पण तो एका ठरलेल्या जागी, एका ठरलेल्या दिशेला फोन धरला तरच उघडेल. वाचून झाला की जाईल. इतर कुठेही ते अॅप म्हणजे साधं पंचांग. तिथी, नक्षत्र, राहुकाळ. नवऱ्यानं घरी बसून हवं तितकं चाळावं.

उज्ज्वला रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला दूध घालायला केंद्रावर जायची. तिथं जाण्याबद्दल प्रशांतला संशय यायचं कारण नव्हतं. केंद्रामागच्या अंगणात उभं राहिलं की समोर डोंगर दिसतो आणि डोंगरावर गावाच्या पाणीयोजनेची पांढरी टाकी. मी जागा ठरवली ती ही. अंगणात उभं राहायचं, फोन तळहातावर आडवा धरायचा, टाकीकडे तोंड करायचं.

तोवर आणखी काही बायका ते अॅप वापरायला लागल्या होत्या. उज्ज्वलाला शिकवायला मी स्वतः आले होते. आरोग्य उपकेंद्रात तपासणीच्या निमित्तानं ती आली आणि नर्सबाईंनी आम्हाला आतली खोली दिली. किडकिडीत, सावळी, डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसलेली. मला वाटलं होतं तास-दीड तास लागेल. तिला दहा मिनिटं लागली. मग तिनं विचारलं, किती वाकडं झालेलं चालतं? मी सांगितलं, फार नाही, सात अंश. तिला अंश कळले नाहीत, म्हणून मी दाराची फळी थोडीशी ढकलून दाखवली. ती त्या फळीकडे बघत राहिली.

"आन् चुकलं तर?"

"पाच वेळा चुकलं की तासभर बंद होतं. म्हणजे कुणी तिथं उभं राहून गोल फिरून बघायला लागला, तरी त्याला सापडणार नाही."

"बरं हाय," ती म्हणाली. जाताना तिनं विचारलं, तुमचं लग्न झालंय का. नाही म्हटल्यावर ती नुसती हसली.

कालिंदीताईंना ते सात अंश पसंत नव्हते. बाई घाबरलेली असते, हातात किटली असते, इतकं कडक कशाला, असं त्यांनी दोनदा तरी म्हटलं. मी त्यांना समजावलं की कडक आहे म्हणूनच ते सुरक्षित आहे. त्या मला हुशार समजायच्या. त्यांनी माझं ऐकलं.

दीड महिना सगळं बिनबोभाट चाललं. अकरा मेसेज गेले, अकराही उघडले. उज्ज्वलाला बाहेर काढायचा दिवस ठरला, गुरुवार. दूध घालून तिनं घरी न जाता मागच्या पाऊलवाटेनं फाट्यावर यायचं, साडेसातला कालिंदीताईंची जीप तिथं असेल. हा निरोप तिनं सोमवारी संध्याकाळी उघडून वाचला.

गुरुवारी पहाटे पावणेसहाला जीपच्या ड्रायव्हरनं कालिंदीताईंना फोन केला. प्रशांत बंडगर आदल्या संध्याकाळी फाट्यावरच्या चहावाल्याकडे चौकशी करून गेला होता, सकाळी इथं कुणाची जीप यायची आहे का म्हणून. बातमी कशी फुटली ते शेवटपर्यंत कळलं नाही. कालिंदीताईंनी लगेच मेसेज पाठवला. त्यांच्या फोनवर 'पोचला' अशी खूण आली. त्या खुणेवर त्यांचा विश्वास होता. त्यांनी जीप थांबवली, पोलिसांना कळवलं आणि स्वतः दुसऱ्या गाडीनं निघाल्या. आठ वाजता त्या फाट्यावर आल्या तेव्हा चहाच्या बंद टपरीपुढे माणसं गोळा झाली होती. प्रशांतनं गाडीच्या जॅकचा दांडा वापरला होता. मिरजेला नेताना वाटेतच उज्ज्वला गेली.

तिच्याजवळ कापडी पिशवी होती. तिच्यात दोन साड्या आणि दहावीचं सर्टिफिकेट होतं.

तिसऱ्या दिवशी फौजदारांनी मला बोलावलं. कालिंदीताई सांगत होत्या की येऊ नकोस असा मेसेज पाठवला होता. मग फोनमध्ये तो होता का, आणि होता तर बाई फाट्यावर गेलीच कशी, हे त्यांना पंचांसमक्ष कागदावर आणायचं होतं. ठाण्यात बसून तो फोन उघडणं शक्यच नव्हतं. म्हणून आम्ही सगळे त्या अंगणात उभे होतो.

मी फोन तळहातावर धरला आणि टाकीकडे तोंड केलं. पंचांग हललं नाही. मला वाटलं मीच वाकडा धरलाय. मी फोन खाली घेतला, श्वास सोडला, पाय जुळवले आणि पुन्हा धरला. समोर टाकी लख्ख दिसत होती. फोनवर तिथी होती, नक्षत्र होतं.

"उघडत नाही का?" साळोख्यांनी विचारलं.

मी एक मिनिट थांबा म्हटलं. मी इकडेतिकडे बघितलं आणि मग मला ते दिसलं. अंगणाच्या डाव्या बाजूला, माझ्यापासून तीन-चार हातांवर, पत्र्याच्या छपराखाली एक नवा हिरवा जनरेटर बसवला होता. लोखंडी चौकटीवर, भरभक्कम. माझी नजर तिकडे गेलेली बघून सचिव उत्साहानं सांगायला लागला, मंगळवारीच बसवला, लाईट गेली की दूध नासायचं, आता काळजी नाही.

फोनमधलं होकायंत्र लोखंडाजवळ बहकतं. शाळेतल्या मुलालाही हे माहीत असतं. मी टाकीवरची नजर काढली, फोन खाली घेतला आणि हळूहळू उजवीकडे वळत गेले. टाकी सुटली, डोंगराचा उतार सुटला, समोर कुणाच्यातरी वस्तीवरची चिंच आली. तिथं फोन पुन्हा आडवा धरला तेव्हा पंचांग बाजूला झालं आणि मेसेज उघडला.

मी तो मोठ्यानं वाचला. 'आज येऊ नकोस. प्रशांतला फाट्याचं कळलंय. दूध घालून सरळ घरी जा. मी पुन्हा कळवते. घाबरू नकोस.'

हवालदार लिहीत होता, त्यानं 'सरळ घरी' हे शब्द पुन्हा विचारून घेतले. कालिंदीताईंनी तोंडावर पदर धरला. मग साळोख्यांनी तो प्रश्न विचारला. त्यांना विचारणं भागच होतं.

"सकाळी सहाला आलेला मेसेज. बाई पावणेसातला इथं येऊन गेली, सचिवांनी बघितलंय. मग तिनं वाचला का नाही?"

मला उत्तर माहीत होतं. उजव्या हाताला चिंच होती, डाव्या हाताला जनरेटर होता, मी बोट करून दाखवलं असतं तर दोन वाक्यांत झालं असतं.

मी म्हटलं, "तिनं नीट दिशेला धरला नसेल."

"म्हणजे वापरणाऱ्याची चूक."

"हो. होतं असं कधीकधी. घाईत."

हवालदारानं लिहिलं. मयतानं फोन योग्य दिशेस न धरल्यानं संदेश उघडला गेला नाही. साळोख्यांनी वाचून दाखवलं, मी खाली सही केली. त्यानंतर भिंतीपाशी बसलेले तातोबा बोलले, कुणाकडे न बघता.

"धांदरट व्हती पयल्यापासनं. कितींदा सांगायचो, जरा नीट बघत जा."

ते उठले, पटका बांधला आणि आले तसे चालत निघून गेले.

त्या संध्याकाळी ऑफिसातले सगळे गेल्यावर मी नोंदी काढल्या. कुणी कधी कुठे उघडायचा प्रयत्न केला, फोन कुठल्या दिशेला होता, हे सगळं आमच्या कॉम्प्युटरवर जमा व्हायचं. पोलिसांना ते माहीत नव्हतं. गुरुवारच्या सकाळच्या पाच नोंदी होत्या, सहा वाजून शेहेचाळीस मिनिटांपासून एक्कावन्न मिनिटांपर्यंत. दिशा हवी होती चौसष्ट अंश. फोननं नोंदवली होती एक्केचाळीस, बेचाळीस, एक्केचाळीस, चाळीस, एक्केचाळीस.

घाईत चुकणाऱ्या माणसाचे आकडे असे नसतात. ते इकडे जातात, तिकडे जातात. ही बाई पाच मिनिटं एका जागी पाय रोवून उभी होती आणि पाचही वेळा तिनं फोन टाकीच्या दिशेला धरला होता, मी दाखवलं होतं त्याहून नेटका. तेवीस अंशांची चूक फोनची होती. पाचव्यांदा न उघडल्यावर, मी ठरवलेल्या नियमाप्रमाणे, अॅप तासभर बंद झालं. सहा एक्कावन्नला. ती फाट्यावर सव्वासातला पोचली.

मी त्या नोंदी बंद केल्या आणि घरी गेले. कुणाला काही सांगितलं नाही. आणखी एक गोष्ट होती, तीही सांगितली नाही. ती माझ्या स्वतःच्या वहीत, माझ्या अक्षरात होती. चार महिन्यांपूर्वी मिरजेच्या एका शिक्षिकेनं तक्रार केली होती की शाळेच्या लोखंडी फाटकाजवळ तिचा मेसेज काही केल्या उघडत नाही, दहा पावलं लांब गेलं की उघडतो. मी वहीत लिहिलं होतं, 'लोखंडाजवळ दिशा चुकते. पुढच्या वेळी बघू.' सात अंशांचे तीस करायला मला अर्धा तास लागला असता. पण पंधरा दिवसांनी पुण्याला मोठमोठ्या लोकांसमोर मला ते अॅप दाखवायचं होतं, आणि ते किती कडक आहे हेच तर मी त्यांना दाखवणार होते. तो कार्यक्रम छान झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते माझ्या लक्षातून गेलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. लक्षातून गेलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

अकरा दिवस मी गप्प राहिले. कामावर जात होते, डबा खात होते. बाराव्या दिवशी कालिंदीताईंचा फोन आला. त्या उज्ज्वलाच्या दिवसांना जाऊन आल्या होत्या. तातोबा येईल त्याला एकच सांगत होते म्हणे, पोरीला निरोप आला होता, तिनंच धड बघितला नाही. आणि मग त्यांनी मला एक काम सांगितलं. आणखी चौदा बायका ते अॅप वापरत होत्या. त्यांच्यासाठी मी एक कागद लिहून द्यावा, फोन नीट कसा धरायचा, काय चुका टाळायच्या.

"मी त्यांना उज्ज्वलाचं उदाहरण देते आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे तरी काळजी घेतील."

मी कागद घेतला. 'फोन स्थिर धरा' एवढं लिहिलं आणि पुढे हात चालेना. मी रिक्षा करून त्यांच्या घरी गेले आणि नोंदी त्यांच्यापुढे ठेवल्या. जनरेटर, मिरजेची शिक्षिका, माझी वही, सगळं सांगितलं. त्यांनी आकड्यांवरून दोनदा बोट फिरवलं. मला वाटलं त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत.

"अकरा दिवस," त्या म्हणाल्या. "अकरा दिवस त्या चौदाजणी ह्याच्या भरवशावर होत्या."

त्या तशाच उठल्या, चप्पल घातली आणि पहिल्या बाईकडे निघाल्या. मी बरोबर येऊ का विचारलं तर नको म्हणाल्या. चौदाही फोनांवरून त्यांनी ते अॅप आठवड्याभरात एकेक करून काढून टाकलं. पुढे आम्ही कामानिमित्त भेटलो, एकमेकींशी नीट बोललो, पण त्यांनी मला पुन्हा कधी नावानं हाक मारली नाही.

मी फौजदारांकडे जाऊन पुरवणी जबाब दिला. साळोखे वैतागले. पहिला जबाब खोटा का दिला, हे त्यांना लिहून हवं होतं, मी लिहून दिलं. खटला चार वर्षं चालला. प्रशांतच्या वकिलानं मला दोन दिवस पिंजऱ्यात उभं ठेवलं. ह्या बाईच्या यंत्रानंच तिला मरायला पाठवलं, माझ्या अशिलाचा राग क्षणिक होता, असं त्याचं म्हणणं होतं, आणि पहिल्या भागाला मी नाही म्हणू शकले नाही. प्रशांतला जन्मठेप झाली. त्याचं अपील अजून पडून आहे. कंपनी मी त्याआधीच सोडली होती.

पण मला सांगायचं आहे ते पुरवणी जबाबाच्या दुसऱ्या दिवसाचं. त्या दिवशी मी एसटीनं गेले आणि विचारत विचारत गडद्यांची वस्ती शोधली. माळावर दोन खोल्या, बाजूला मेंढरांचा वाडा. तातोबा बाभळीखाली लोकर निवडत बसले होते. त्यांनी मला ओळखलं. बसा म्हणाले, पाणी आणायला आत सांगितलं. मी पाणी घेतलं नाही. आधी सांगितल्याशिवाय ते पिणं बरोबर वाटलं नाही.

मी त्यांना सांगितलं. अंश, नोंदी असले शब्द वापरले नाहीत. म्हटलं, तुमची मुलगी बरोबर उभी होती. पाचही वेळा बरोबर उभी होती. लोखंडामुळे फोनला दिशा चुकीची कळली. असं होतं हे मला आधीपासून माहीत होतं आणि मी दुरुस्त केलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी खोटं बोलले.

त्यांच्या हातातली लोकर तशीच राहिली.

"पाचीबी येळा?"

"पाचही वेळा."

"मंजी तिची चूक न्हवती."

"नव्हती. काहीच नव्हती."

त्यांनी मान खाली घातली. मग घराकडे वळून बायकोला हाक मारली. "भायेर ये. ही बाई काय सांगती ते ऐक." त्यांच्या आवाजात राग नव्हता. आत निरोप पोचवायची घाई होती.

उज्ज्वलाची आई दारात आली. चौकटीला हात लावून उभी राहिली. मला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना ते सोपं झालं नाही. मध्येच तातोबा म्हणाले, "आन् मी दिवसांत समद्यांना सांगितलं, पोर धांदरट व्हती म्हणून." बाईनं त्यांच्याकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. तिला रडू येत नव्हतं.

माझं संपल्यावर तिनं विचारलं, "मग तवाच का न्हाई सांगितलंस?"

मी दुसरं काहीतरी सांगायचा विचार केला होता, एसटीत बसून जुळवलंही होतं. ते आठवलं नाही.

"भीती वाटली," मी म्हटलं.

तिनं चौकटीवरचा हात काढला.

"तिलाबी वाटत व्हती," ती म्हणाली. "तरी निघाली व्हती."

मग ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.